नववं वाक्य

रविवारी सकाळी उज्वला भाकरीसाठी उकड मळत होती तेव्हा ऑफिसचा फोन वाजला. ऑफिसचा म्हणजे पेपराच्या पहिल्या पानावर, नावाच्या खाली, ठळक आकड्यांत ज्याचा नंबर छापतात तो. सुट्टीच्या दिवशी तो कुणीतरी घरी न्यायचा असा नियम, आणि गेली कित्येक वर्षं ते कुणीतरी म्हणजे उज्वलाच. कुणाच्या तरी वाढदिवसाची जाहिरात असेल असं धरून तिने पिठाळ हाताने फोन कानाशी नेला. पलीकडे नुसता वारा. मग त्या वाऱ्यातून एक बाई बोलली, ना ओळख ना देख, अगदी शेजारच्या ओटीवरून बोलावं तशी. "बाय, शनवार होऊन गेला गो. काय पुसलं नाय. आता काय करू?" उज्वलाने विचारलं, कोण बोलतंय, कुठून. कुडपणातून, बाई म्हणाली, चिमाबाई. हा फोन श्रीपतचा हाय, माझा मी बंद करून ठेवलाय. आणि फोन तुटला. उलट लावून पाहिला तर लागेना. तवा तापून धूर निघायला लागला होता आणि बोटांवरचं पीठ सुकत चाललं होतं.

काय पुसलं नाय. हे तीन शब्द तिच्या डोक्यात शिरले ते शिरलेच, कारण पुसलं जाणार असं सांगणारी तीच होती. मंगळवारी, अकराच्या चहाबरोबर, तिने एक मथळा केला होता: 'सावधान! शनिवारी तुमच्या फोनमधलं सगळं पुसलं जाणार?' मूळ बातमी इंग्रजीतून आलेली, सव्वाशे शब्दांची, मिळमिळीत. कुठल्याशा जुन्या बनावटीच्या फोनांत एक फट राहून गेली होती. त्या फटीतून शिरून लांबून फोन पुसता येतो, असं संशोधकांनी प्रयोगशाळेत करून पाहिलं होतं. प्रत्यक्षात कुणाचा फोन पुसला गेल्याची एकही नोंद नव्हती, आणि फट बुजवणारी दुरुस्ती शनिवारपासून सगळ्यांना आपोआप, फुकट मिळणार होती. म्हणजे शनिवार हा औषधाचा दिवस होता. उज्वलाने तो मरणाचा करून टाकला. आता यात बाहेरचा असा एकही शब्द तिने घातला नव्हता, हीच तर या धंद्यातली कारागिरी. शनिवार बातमीत होता, पुसणं बातमीत होतं, फोन होता. तिने मधला सगळा भाग काढून टाकला आणि दोन टोकं एकमेकांना चिकटवली. असं करताना तिला काही वाटलं होतं का, हे ती आता आठवून पाहत होती. चहात साखर कमी आहे असं वाटलं होतं, एवढं आठवलं.

सुशांत, म्हणजे पेपराचा मालकही तोच आणि संपादकही तोच, त्या दिवशी भलताच खूश होता. दिवसभरात जेवढे लोक पेपराच्या वेबसाइटवर यायचे तेवढे तासाभरात आले. "उज्वलाताई, तुमच्या हाताला धार आहे," तो म्हणाला, आणि अठरा वर्षं या टेबलाशी बसलेल्या बाईला ते ऐकून बरं वाटलं, उगाच खोटं कशाला बोला. बुधवारी सकाळी तिच्या वडिलांनी, आबांनी, पेपर उघडून चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, हे खरं आहे का गं? आबा, पुढे प्रश्नचिन्ह आहे ना, ती डब्यात भाजी भरता भरता म्हणाली. प्रश्नचिन्ह मोठ्याने वाचता येत नाही, एवढं बोलून आबा दाढीचं पाणी काढायला उठले. त्यांचं असलं बोलणं ती हल्ली मनावर घेत नसे. ऐंशीच्या घरातला मास्तर माणूस, चुका काढण्यात हयात गेलेली.

पण कुडपण हे नाव तिच्या ओळखीचं होतं ते आबांमुळेच. नोकरीच्या सुरुवातीची सहा वर्षं आबाजी गुरुजींनी कुडपणच्या शाळेवर काढली होती. वर जायला तेव्हा रस्ता नव्हता, पोलादपुराच्या पुढे पायांचाच भरवसा. पोरांना पुस्तकं पुरत नसत, म्हणून गुरुजी महाडहून जुने पेपर पाठीवर बांधून न्यायचे, मथळे कात्रीने कापायचे आणि शेणाने सारवलेल्या भिंतीवर खळीने चिकटवायचे. मोठी अक्षरं, मागच्या रांगेतूनही दिसायची. त्या भिंतीवर अख्खी वाडी वाचायला शिकली. बारीक अक्षर पुढच्या वर्षी, असं गुरुजी सांगायचे, आणि पुढच्या वर्षी निम्मी पोरं गुरांमागे गेलेली असायची, मुली तर सगळ्याच. उज्वलालाही त्यांनी तसंच शिकवलं, महाडच्या घरात, तिच्या उंचीला येईल अशा भिंतीवर. आपलं बोट त्या मोठ्या काळ्या अक्षरांवरून फिरवताना, हे छापलंय म्हणजे घडलंच असणार, असं तिला वाटायचं आणि छातीत धडधडायचं. आबा आणखीही एक सांगत. सहा वर्षांत त्या वाडीने त्यांना दूध कमी पडू दिलं नाही, रोज कुणी ना कुणी शाळेच्या पायरीवर तांब्या ठेवून जाई. आणि सहा वर्षांत कुणी घरात पानाला बसवलं नाही, महाडच्या बौद्धवाडीतला मास्तर आपलं आपण रांधून जेवला. हे सांगताना आबांचा आवाज चढत नसे. दुधाचं जेवढ्या आवाजात सांगत तेवढ्याच आवाजात पानाचं.

सोमवारी तिने रजा टाकली. सुशांत म्हणाला, एका फोनसाठी कुणी डोंगर चढतं का, पान चारवर दोन ओळींचा खुलासा टाकून देऊ. तिला ते पटलंही. तरी पाय एसटीकडे वळले. वाटेत तिचा जीव टांगणीला लागला होता, कारण 'आता काय करू' असं तेच माणूस विचारतं ज्याने आधीच काहीतरी करून टाकलेलं असतं. काय केलं असेल बाईने? फोन फोडला? पाण्यात टाकला? पोलादपूरहून जीप मिळाली आणि घाट सुरू झाला. माघाचं ऊन होतं, वळणावळणावर गवत वाळून पिवळं पडलेलं. शेवटच्या चढणीनंतर रस्ता एकाएकी सपाट झाला आणि जीप थांबली. उतरल्यावर तिला पहिल्यांदा जाणवलं ते हे, की कानांना ऐकायला काही नव्हतं. वारा होता, पण तो कशावर आपटत नव्हता. चारी बाजूंनी जमीन संपून नुसतं आभाळ सुरू होत होतं, आणि मधोमध अकरा घरं, चार गोठे आणि एक बसकं देऊळ. इथवर आपला मथळा चढून आला. आपण चहा पीत होतो आणि तो ही सगळी वळणं घेत वर आला.

चिमाबाई वाट बघत असल्यासारखी देवळापाशीच उभी होती. पासष्टीची, उंच, पदर कमरेला खोचलेला. उज्वलाने नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, तशी बाई तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, गुरुजींच्या भिंतीवरच शिकले गो, मोठं येतं वाचायला, बारीक नाय येत. रागाचा एक शब्द नाही. तिने उज्वलाला घरात नेलं, चुलीपाशी पाट दिला, चहा दिला, आणि काय केलं ते सांगितलं. तिचा मुलगा विनोद पनवेलकडे एका गोदामात कामाला होता. तीन वर्षांपूर्वी तापाने गेला, तीस वर्षांचा. जायच्या चार दिवस आधी त्याने आईला फोनवर आवाज धाडला होता, पावणेदोन मिनिटांचा. तेवढाच त्याचा आवाज जगात उरला होता. रोज दुपारी गुरं पाण्यावर सोडली की ती तो एकदा ऐकायची, एकदाच, जास्त नाही. मग बुधवारी जीपवाल्याने पेपर आणला आणि तिने पहिल्या पानावरचं मोठं अक्षर बोट ठेवून वाचलं. दोनदा वाचलं. सगळं पुसलं जाणार. खाली बारीक काय होतं ते तिला कळण्याचं कारण नव्हतं, आणि वाडीतल्या ज्यांना बारीक येत होतं त्यांनीही ते वाचलं नाही, कारण मोठ्यानेच सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

वाडीची एक जुनी रीत आहे. बियाणं एका घरात ठेवायचं नाही. नाचणी एकाकडे, वरी दुसऱ्याकडे, घेवडा तिसऱ्याकडे, प्रत्येक घराने सगळ्यांचं एकेक बी राखायचं. आग लागो, उंदीर पडो, एखादं घर बसलं तरी पेरणीला बी उरतं. अक्षय्य तृतीयेला सगळ्यांनी आपापलं बी देवळापुढे आणून दाखवायचं, हाय तसं आहे ना ते बघायला. गुरुवारी चिमाबाई रडत बसली होती तेव्हा वाडीतले म्हातारे येसाजी म्हणाले, पोराचा आवाज एका फोनात ठेवलास हीच चूक झाली. शुक्रवारी दुपारी सगळी घरं तिच्या अंगणात बसली. फोन मधोमध पाटावर ठेवला. चौदा वेळा ऐकला. आवाजात बारा वाक्यं निघाली, आणि एकेका घराने एकेक वाक्य राखायला घेतलं. नुसते शब्द नव्हेत. तो कुठे थांबला, कुठे हसला, कुठे खोकला, सगळं. संध्याकाळी चिमाबाईने फोन बंद केला आणि बियांच्या मडक्यात राखेत पुरून ठेवला. शनिवार उजाडला आणि मावळला. रविवारी सकाळी आधी शेजारच्या श्रीपतचा फोन चालू करून बघितला, कारण त्याच्या फोनात गेलं तरी चालेल असंच सगळं होतं. तर त्यातलं एक चित्रसुद्धा गेलेलं नव्हतं. आता आपला उघडावा की नाही, हे विचारायला तिने पेपरावरचा नंबर लावला होता.

उज्वला ऐकत होती आणि तिचा चहा तसाच होता. घरं बघतेस का, चिमाबाईने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढे निघाली. पहिलं वाक्य तिच्याच घरात होतं, ते तिने चालता चालता म्हटलं, "आये, जेवलीस का?" येसाजी ओटीवर दोर वळत होते. त्यांनी दोर खाली ठेवला, टोपी काढली, उभे राहिले, आणि त्या ऐंशीच्या गळ्यातून एक तरणा, घाईत असलेला आवाज आला: "तांबडीला वासरू झालं का?" मंजुळाकाकू धान्य पाखडत होत्या, त्या सूप न थांबवता म्हणाल्या, "खोलीत चौघं हाव, मोरूचा भात रोज कच्चा," आणि 'कच्चा' म्हणताना मध्येच हसल्या, पण ते हसू त्यांचं नव्हतं, त्यांचे डोळे हसत नव्हते. श्रीपतकडे "शिमग्याला येतो" होतं. एवढंच, दोन शब्द, आणि तो ते सांगून मान वळवून गोठ्याकडे बघत राहिला. दारोदार उन्हातून जाताना उज्वलाला आपण कुठल्या तरी फार मोठ्या ठिकाणी शिरलो आहोत असं वाटत होतं. आवाज खाली आला होता, पाय जपून पडत होते, लहानपणी चवदार तळ्याच्या पायऱ्या आबांचं बोट धरून उतरताना पडायचे तसे. अठरा वर्षांत तिने हजारो मथळे केले होते. दुसऱ्या दिवशी त्यातला एकही कुणाला पाठ नसे, तिलाही नसे. आणि इथे एका गोदामातल्या हमालाचा कच्चा भात एक अख्खं घर जपून होतं. हे तिने घडवलं होतं का? तिच्या खोट्यातून हे उगवलं म्हणून खोटं बरं झालं, असं म्हणायचा मोह तिला झाला, आणि त्या मोहाची तिला तिथल्या तिथे शिसारी आली.

परत चुलीपाशी आल्यावर तिने सांगून टाकलं. फोन पुसला जाणारच नव्हता. शनिवारी उलट दुरुस्ती येणार होती. बातमीत ते लिहिलं होतं, खाली, बारीक अक्षरात. लोकांनी वाचावं म्हणून मी वर तसं लिहिलं. एवढं बोलायला तिला फार वेळ लागला आणि बोलताना ती जमिनीकडे बघत होती. चिमाबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. बाहेर एक गाय हंबरली, तिला कुणीतरी हाकललं. आता ही उठ म्हणेल, असं उज्वलाला वाटलं, म्हणावं असंही वाटलं.

"मंग बाय," चिमाबाई म्हणाली, "उद्या खरंच पुसायचं झालं, तवा तू काय लिवशील?"

सावधान उज्वलाने वापरून टाकलं होतं, सगळं वापरून टाकलं होतं, उद्गारचिन्हंसुद्धा. दरडीला, पुराला, गॅसच्या गळतीला, नटीच्या लग्नाला आणि फोनातल्या फटीला तिने तेच शब्द दिले होते. चिमाबाई उठली, मडक्यात कोपरापर्यंत हात घातला आणि फोन काढला, पदराने राख झटकली. बाहेर येऊन हाक दिली तशी घरं पुन्हा अंगणात जमली. फोन तिने उज्वलाच्या हातात दिला. तू दाब, म्हणाली. आणि आता काय सांगावं, जिला ठाऊक होतं की काहीच पुसलं गेलेलं नाही, जिने ते लिहिलं होतं, तिनेच बटण दोनदा चाचपलं आणि मग दाबलं. पडदा उजळेपर्यंतचे ते दहा-बारा क्षण तिने आपल्या मथळ्यावर पुरेपूर विश्वास ठेवला.

आवाज आला. "आये, जेवलीस का?" चिमाबाईचे ओठ हलले. तांबडीपाशी येसाजींचे, कच्च्या भातापाशी मंजुळाकाकूंचे. प्रत्येक वाक्याला एक तोंड होतं, आणि ते ते तोंड आपली वेळ आली की हलत होतं, बाकीची स्तब्ध. आठ वाक्यं गेली. मग तो मुलगा थोडा खोकला आणि म्हणाला, "काय नाय, साधा ताप हाय. तू घाबरू नको." त्याला कुणाचेच ओठ हलले नाहीत. अंगणात सगळे खाली बघत होते. मग दहावं, अकरावं, बारावं, पुन्हा ओठ हलले, आणि आवाज संपला.

नववं कुणाकडे आहे, उज्वलाने हळूच विचारलं. कुणाकडे नाय, चिमाबाई म्हणाली. घरं अकरा, वाक्यं बारा, कुठलं तरी एक उरणारच होतं, आणि ते उरलं. कुणी घेईना. तिच्या स्वतःच्याही तोंडातून निघेना. आवाज आला त्या दिवशी, पोर आजारी आहे असं कळून, पनवेलला जायला जीप दारात उभी होती, हे ऐकलं आणि तिने ती परत पाठवली. साधा ताप. चौथ्या दिवशी पोर गेलं. "तो घाबरू नको म्हनला, मी घाबरले नाय," ती म्हणाली. "म्हनून तू घाबर म्हनलीस, तर लगेच घाबरले." मग तिने उज्वलाच्या हातातून फोन घेतला, आणि तो हात मात्र सोडला नाही.

"ह्ये कुनी घेत नाय, खोटं हाय म्हनून. पन त्याचं हाय. तू ठेव. हाय तसं ठेव गो. वाढवू नको, कमी करू नको."

उतरताना जीपमध्ये उज्वला ते म्हणून बघत होती. आठ शब्दांची गोष्ट, तरी जमेना. पहिल्याच वळणावर तिच्या मनाने त्यात 'फक्त' घातला, साधा ताप फक्त. दुसऱ्या वळणावर पहिल्या वाक्यातला 'आये' येऊन बसला, जो या वाक्यात नव्हताच. पुढे 'काय नाय' गळून गेलं, कारण ते नसलं तरी अर्थ लागतो असं तिच्या हाताला वाटलं. अठरा वर्षांची सवय, ती काय घाटात सुटते होय. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, खोकल्यासकट. पोलादपूर आलं तेव्हा वाक्य जागेवर बसलं होतं आणि शेजारची बाई तिच्यापासून जरा सरकून बसली होती.

घरी आबांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये बोलले नाहीत. शेवटी एकच विचारलं, चहा कुठे दिला? आत, चुलीपाशी, ती म्हणाली. आबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. बुधवारच्या पेपरात पहिल्या पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, तिने छापायला लावलं: 'फोनमधलं काही पुसलं जाणार नव्हतं. आम्ही चुकीचं लिहिलं.' सुशांतने आकांडतांडव केलं. खुलासा कुणी या मापात छापतो का, लोक हसतील. बारीक अक्षर तिथे वर, डोंगरावर, वाचता येत नाही, ती म्हणाली, आणि पान सोडून हलली नाही. लोक हसलेच. वेबसाइटवर तो मथळा उघडायला कुणी फिरकलं नाही. त्यानंतर ती मथळे करायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लावते, यावरून रोज कुरबुर होते. ही बाई आता कामाची राहिली नाही, असं सुशांत कुणाला तरी सांगत असताना तिने ऐकलं, आणि खरं सांगायचं तर ते तिला लागलं.

अक्षय्य तृतीयेला दुपारी ती टेबलाशी होती. समोर आणखी एक इंग्रजी बातमी, कुठल्याशा संगणकांत कुणी शिरू शकतं, अजून कुणी शिरलेलं नाही. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे वारा. कुणी हॅलो म्हटलं नाही, कुणी नाव सांगितलं नाही. चिमाबाईचा आवाज आला, "आये, जेवलीस का?" मग फोन हातोहात जात असल्याची खसफस, मग येसाजी, मग मंजुळाकाकू. श्रीपतचा शिमगा आठवा होता. तो झाला आणि पलीकडे सगळं थांबलं. त्या एवढ्या मोठ्या पठारावर बारावं घर कधी बोलतंय त्याची वाट बघत उभी असलेली माणसं तिला दिसली. ती खुर्चीवरून उठली. सुशांतने मान वर केली, उपसंपादक अरविंदचा हात टंकताना थांबला. तिने मधे थोडंसं खोकून घेतलं.

"काय नाय, साधा ताप हाय. तू घाबरू नको."

वारा वाहत राहिला. "हाय तसंच हाय," चिमाबाई कुणाला तरी म्हणाली, आणि फोन पुढे गेला. दहावं वाक्य आलं, अकरावं आलं. शेवटी एक म्हातारी सावकाश, नीट आठवून म्हणाली, "ठेवतो आता आये, चार्जिंग नाय," आणि फोन बंद झाला.